पंचनाम्याआधीची भिंत

पूर ओसरून चार दिवस झाले होते आणि प्रयागबाई लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून चिखल तुडवत होती. चिखल भिंतीचा होता. त्यात धानाची तनस, म्हणजे वाळका पेंढा, टाकलेली, वरून नाल्याचं पाणी शिंपडलेलं, आणि सात बायका त्यात गोल फिरत होत्या. फिरता फिरता पाटलाच्या नव्या सुनेविषयी बोलणं चाललं होतं, त्यामुळे चिखल फार चांगला मळला जात होता.

तेवढ्यात धोंडबा कोतवाल आला. धोंडबा हा प्रयागबाईचा धाकटा दीर. तोही वस्तीतच राहायचा आणि त्याचंही घर पुरात बसलं होतं. पण डोक्यावर खाकी टोपी असली की तो सरकार असे, आणि टोपी काढली की वस्तीचा. आत्ता टोपी होती.

"वयनी, काम थांबवा," तो म्हणाला.

"काहून जी?"

"पटवाऱ्यानं सांगतलं. पंचनामा झाल्याशिवाय पडलेल्या घराले हात लावाचा नाही."

"मंग येऊ द्या ना पटवाऱ्याले. आमी का अडवून राहिलो?"

"रस्ता खुला झाला का येतो म्हणे."

"अन् रस्ता कवा खुला होते?"

"थे काही त्यानं सांगतलं नाही."

प्रयागबाईचे पाय थांबले नव्हते. "हे पाहा भाऊजी. माह्या घराच्या तीन भिंती गेल्या. चवथी आहे, थे बी वाकून चुलीत काय शिजते ते पाहून राहिली. रोज दुपारी कुत्रं येऊन माह्या जागेवर झोपते. त्याले बी सांगू का, पटवारी येईलोक घराले हात लावू नोको म्हून?"

बायका हसल्या. धोंडबाने जरा वेळ नाल्याकडे पाहिलं, मग टोपी काढून बाभळीच्या काट्याला अडकवली.

"मी सांगाचं काम केलं," तो म्हणाला आणि धोतर वर घेऊन चिखलात उतरला.

आमचं बोरझरी गाव नागपूरहून यष्टीने दोन तास, आणि यष्टी सोडली की दीड कोस पायी. तालुक्याचं नाव सांगत नाही. तिथले साहेबलोक अजून नोकरीत आहेत. आणीबाणी उठून दोन वर्षं झाली होती, त्या सालची ही गोष्ट. गाव तीन मजली आहे. सगळ्यात वर टेकडी. ती सरकारी, तिच्यावर तेव्हा कोणी राहत नसे. मधल्या मजल्यावर गाव, म्हणजे आम्ही. आणि खाली, नाला जिथं नदीला मिळतो तिथं, वस्ती. चौदा घरं. छप्पन साली या घरांतली माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली, तेव्हापासून ती बौद्ध. गावाने ही गोष्ट ऐकली होती. वस्तीचं नाव मात्र गावाच्या तोंडी जुनंच राहिलं. सवय, दुसरं काय.

नदी भरली की ती नाल्याला मागे ढकलते आणि नाला वस्तीत शिरतो. दर तीन-चार वर्षांनी हे व्हायचंच. वस्ती तिथंच का, असं मी लहानपणी विचारलं तेव्हा मोठ्यांनी सांगितलं, पाणी जवळ पडतं. ते खोटं नव्हतं. काही वर्षी तर ते अंथरुणापर्यंत यायचं. एका पुरात प्रयागबाईचा सासरा बैल सोडायला गेला तो परत आला नाही. प्रेत सापडलं नाही, म्हणून मृत्यूची नोंद नाही, म्हणून रेशनकार्डावर तो बरीच वर्षं जिवंत होता आणि घरात सगळ्यांत कमी खाणारा माणूस तोच होता.

टेकडीवर जागा द्या, असे वस्तीने तीन अर्ज केले होते. तीन पूर, तीन अर्ज. तिसरा मी लिहून दिला होता, कारण मी नुकताच बी.ए. होऊन घरी बसलो होतो. तिन्ही अर्ज विचाराधीन होते. प्रयागबाई अधूनमधून मला विचारायची, "काय म्हणते भाऊ तुमचं सरकार? झाला का इचार करून?" मी म्हणायचो, चाललाय. ती म्हणायची, "करू द्या बिचाऱ्याले. घाईनं इचार केला का डोकं दुखते."

तर भिंती. वस्तीत रीत अशी होती की पुरानंतरच्या भिंती सगळ्यांनी मिळून घालायच्या, आणि ज्या घरात कर्ता पुरुष नाही तिथून सुरुवात. प्रयागबाईचा नवरा सात वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून पहिला थर तिच्या घराचा. तो थर वाळेपर्यंत दुसऱ्या घराचा, मग तिसऱ्याचा. चौदाव्या घराचा थर बसेपर्यंत पहिल्या घराचा वाळून पुढच्याला तयार. त्यात भादव्याचं ऊन मदतीला. बाराव्या दिवशी सगळी घरं उभी राहिली. वाहून गेलेले छपराचे कवेलू शोधून, धुऊन परत वर चढवले गेले. प्रयागबाईने वर पांढऱ्या मातीचा हात दिला आणि दाराच्या दोन्ही बाजूंना गेरूचे पट्टे ओढले.

भिंत घालणं ही चूक होतीच. पट्टे ओढणं म्हणजे तर पुरावा नष्ट करणं होतं. पण हे तेव्हा तिला माहीत नव्हतं.

दरम्यान वस्ती तीन दिवस शाळेत राहिली होती, हेही सांगायला हवं, नाहीतर गाव माणुसकीशून्य होतं असं वाटेल. तसं नव्हतं. देवळाचा सभामंडप शाळेपेक्षा मोठा आणि कोरडा आहे, पण त्याची किल्ली नेमकी ज्यांच्याकडे असते ते नागपूरला गेले होते. ते चौथ्या दिवशी परत आले, पूर उतरल्यावर. विहिरीवरही कोणी अडवलं नाही. गावच्या बाया स्वतः पाणी काढून वस्तीच्या घागरीत वरून ओतून देत. दोर जुना आहे, तुम्हाला सवय नाही, उगाच तुटेल, एवढंच त्यांचं म्हणणं. जन्मभर दुसऱ्यांच्या मोटा हाकलेल्या माणसांना दोराची सवय नाही, हे ऐकून धोंडबाच्या बायकोने, इंदूबाईने, फक्त एवढं म्हटलं, "खरं हाये बाई. आमाले नाल्याचीच सवय."

तेराव्या दिवशी बातमी आली. पुरात ज्यांची घरं पडली त्यांना टेकडीवर एकेक प्लॉट. दवंडी धोंडबानेच दिली, आणि वस्तीत तीन वेळा दिली, जरुरी नसताना. प्रयागबाईने मूठभर साखर वाटली. "झाला वं बाई इचार," ती इंदूबाईला म्हणाली, "सासऱ्याचा जीव घेऊन झाला, पण झाला."

त्या दिवसापासून गावात घरं पडायला लागली. पाऊस नव्हता, चांगलं कडकडीत ऊन होतं. सरपंच रुपराव पाटलाच्या गुरांच्या कोठ्याची एक भिंत माझ्या जन्माआधीपासून पडलेली होती, त्या खिंडारातून आम्ही लहानपणी चिंचा चोरायला जायचो. रुपरावला ती एकाएकी पूरग्रस्त दिसू लागली. कोणाला नवीन घर बांधायला जुनं पाडायचंच होतं, त्याने ते त्याच आठवड्यात पाडलं. आमच्या बापाने मागच्या परसातली भिंत लाथेने पाडली. त्यात त्याचा पाय मुरगळला. पुरात जखमी झालेल्यांची वेगळी यादी आहे का, असं त्याने मला विचारून ठेवलं.

पंचनामा एकोणिसाव्या दिवशी झाला. जीपमधून नायब तहसीलदार साहेब आले, सोबत आमचा पटवारी गोपाळराव. सरकार त्याला तलाठी म्हणतं, आमच्याकडे अजून पटवारीच. नायब साहेब तिकडचे, पश्चिमेकडचे, नवे आणि सज्जन. सज्जन असल्यामुळे रुपरावच्या घरचे पोहे त्यांना नाही म्हणता आले नाहीत. पोह्यांवर चण्याची तर्री होती. ती खाऊन साहेबांच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि रुपराव म्हणाला, साहेबाले गावाची दशा पाहवत नाही.

सहीपुरता शिकलेला माणूस म्हणून मला पंच केलं होतं. आधी कोठा पाहिला.

"पाणी कुठवर आलं होतं?" साहेबांनी विचारलं.

रुपरावने हात छातीला लावला. पाटलाच्या कोठ्यात छातीभर पाणी आलं असेल तर वस्तीवर दोन ताडांएवढं चढायला हवं होतं. पाणी सपाट असतं हे साहेबही शाळेत शिकले असतील. पण तर्री नुकतीच झाली होती.

मग आम्ही खाली वस्तीत गेलो. वस्ती पाहून साहेबांचं तोंड उजळलं. सारवलेली अंगणं, पांढऱ्या भिंती, गेरूचे पट्टे.

"वा," ते म्हणाले. "स्वच्छता ठेवलीय. इथं पाणी आलं होतं का?"

"आलं व्हतं जी," प्रयागबाई म्हणाली. "थे बाभूळ पाहा. वरच्या फांदीले कचरा लटकून हाये नं, तेवढं."

साहेबांनी मान वर करून पाहिलं. बरीच वर करावी लागली. "बरं. मग घर कोणतं पडलंय?"

"हे सारेच जी."

"ही तर उभी आहेत."

"पडले व्हते, उभे केले."

"म्हणजे आता पडलेले नाहीत."

"आता काहून पडन जी? माह्या हातची भिंत हाये. पूर आल्याशिवाय पडत नाही."

साहेबांनी गोपाळरावकडे पाहिलं. गोपाळराव बाभळीवरचा कचरा पाहत होता.

"बाई, मला आज जे दिसतं तेच लिहिता येतं. नियम आहे. भिंत पडलेली दिसली पाहिजे."

"मंग पडली तवा याचं असते नं सायेब. तवा लय चांगली दिसत व्हती."

"रस्ता बंद होता."

"यष्टी तं सहाव्या दिवसापासून येऊन राहिली जी."

मग साहेबांचं लक्ष धोंडबाच्या टोपीकडे गेलं.

"कोतवाल, यांना सांगितलं नव्हतं का, पंचनाम्याआधी हात लावू नका म्हणून?"

"सांगतलं व्हतं जी."

"मग?"

"सांगतलं, अन् मंग मीबी लावला."

"तू?"

"सातवं घर माहं आहे जी. त्याले बी पट्टे काढले. बायको ऐकत नाही."

साहेबांनी उसासा टाकला. वाईट माणूस नव्हता तो. त्याने चौदा घरांसमोर उभं राहून, खरोखर वाईट वाटून, गोपाळरावला सांगितलं, "लिहा. घरे सुस्थितीत. नुकसान निरंक." मग कागद माझ्यापुढे आला. निरंक या शब्दाचा अर्थ मला माहीत होता. पेन साहेबांचं होतं, चांगलं चालत होतं. मी सही केली.

जीप गेल्यावर प्रयागबाई माझ्याकडे आली. "भाऊ, कागद वाचून पाह्यला व्हता नं?"

"हो."

"बरं केलं. न वाचता सही करू नये म्हणतात."

आणि ती शेण थापायला निघून गेली. त्यानंतर महिनाभर मी वस्तीच्या वाटेने नदीवर गेलो नाही. दुसऱ्या वाटेने गेलो, तिकडे काटे जास्त होते.

प्लॉट मिळाले. टेकडीच्या पायथ्याशी, रस्त्याला लागून, बावीस. पूरग्रस्त वसाहत अशी पाटी लागली. बावीसच्या बावीस गावाला, कारण पडलेल्या भिंती सगळ्या गावातच निघाल्या. राहायला मात्र कोणी गेलं नाही. विहीर लांब पडते, आणि शिवाय आमच्या घरांना झालं काय होतं? रुपरावने आपल्या प्लॉटवर गुरांच्या चाऱ्याचं कुटार रचलं. आमच्या बापाने आमच्या प्लॉटवर गोवऱ्या वाळत घातल्या. उंचावर वारा चांगला लागतो, गोवऱ्या दोन दिवसांत वाळतात. पुरापासून इतक्या सुरक्षित गोवऱ्या जिल्ह्यात दुसरीकडे नसतील.

वस्तीत एका संध्याकाळी विहारासमोर सगळे बसले. मी तिथं नव्हतो. धोंडबाने नंतर सांगितलं, टोपी काढून.

इंदूबाई म्हणाली, "पाडून टाकू भिंती. बोलावू सायबाले परत. पाह्य म्हणा पडलेल्या."

"अन् तो आणखी एकोणीस दिवसानं आला तं?" प्रयागबाई म्हणाली. "तवरलोक थंडीत बसाचं का? अन् आला तवा त्याले वाटलं, का हे आपुनच पाडल्या, तं?"

"मंग काय कराव वं?"

"भिंतच घालाची नं? आपल्याले येते का दुसरं काही? तं मंग वर घालू."

"वयनी, सरकारी जागा आहे," धोंडबा म्हणाला. "अतिक्रमण होते."

"अन् हे कोनाची जागा हाये? नाल्याची. आपुन नाल्यावर अतिक्रमण करून बसलो, म्हून थो दर चार वर्साले उठवाले येते. सरकारनं तीन अर्ज पाह्यले नाही. नाला अर्ज न करता येते. मले तं सरकारचाच भेव कमी वाटते बापा."

तिने दिवसही असे निवडले की मला आजही नवल वाटतं. कार्तिक. रुपरावच्या सोळा एकराच्या बांध्यांत धान पिवळं पडून वाकलं होतं. धान पिकलं की ते कोणासाठी थांबत नाही. चार दिवस उशीर झाला की लोंबी हातात घेताच दाणे मातीत. आणि बोरझरीत कापणीला विळा धरणारे हात सगळे वस्तीचे. वस्ती पहाटे टेकडीवर जायची, रस्त्यालगतचे बावीस प्लॉट सोडून वरच्या सपाट माथ्यावर एकेक थर लावायची, आणि उन्हं वर आली की विळे घेऊन पाटलाच्या बांधीत हजर. पाणी नाल्यातून, डोक्यावरून. पहिला थर रीतीप्रमाणे प्रयागबाईचा.

तिसऱ्या दिवशी रुपराव शेताच्या कडेला धुऱ्यावर येऊन उभा राहिला.

"काय वं प्रयागे, वर काय चालू हाये तुमचं?"

"भिंती जी, पाटील." तिचा विळा चालूच होता.

"कोनाले इचारून?"

"इचारलं नं जी. तीन खेपा. थे इचारच करून राहिले अजून."

"हे बरं नाही करून राहिल्या तुमी. उतरवा खाली लोकायले."

"उतरवतो जी." ती कंबर सरळ करून उभी राहिली. "तुमी म्हणता तं आजच लागतो. पण वरच्या भिंती पाडाच्या, माती सपाट कराची, खालचं आवराचं. आठ दिवस जाईन, पाटील. कापणीले मंग कोनी नाही येत. चालन का?"

रुपरावने एक लोंबी हातात घेतली. तीन दाणे आपसूक तळहातावर पडले. त्याने ते पाहिले, आणि तोंडात टाकले.

"कापणी झाली का पाहू," तो म्हणाला.

"हो जी. तुमी म्हणान तसं."

कापणी झाली. मग चुरणा, म्हणजे मळणी, झाला, त्यालाही हात लागतातच. धान कोठीत पडलं आणि रुपरावला सरकारी जागेची काळजी वाटू लागली, तोवर माथ्यावर चौदा घरं कवेलूंसकट उभी होती. कवेलू आणि लाकडं वस्तीने खालून उतरवून नेली होती. खाली राहिल्या नुसत्या भिंती. रुपरावने तक्रार दिली. तालुक्याला जाऊन हातात दिली.

जीप तिसऱ्या दिवशी आली. रस्ता तोच होता.

तेच साहेब, तोच गोपाळराव, तोच मी. या वेळी पोहे झाले नाहीत. अतिक्रमणाच्या कामाला उपाशीपोटी धार असते. साहेब माथ्यावर चढले, दम खाल्ला, आणि म्हणाले, "बाई, हे तुम्ही काय केलंत?"

"भिंती जी."

"ते दिसतंय."

"दिसते नं? मंग लिहा जी. मांगच्या खेपी म्हणाले व्हते, दिसते तेच लिहतो म्हून."

साहेबांना हसू आलं असावं, कारण त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. गोपाळरावने छापील कागद काढला. चौदा नावं लिहिली. घराची लांबी-रुंदी टेपने मोजली. प्रयागबाईने टेपचं दुसरं टोक धरलं आणि साहेबांना एक वीत जास्त मोजून दिली. मग एका रकान्यावर गोपाळरावची लेखणी थांबली.

"साहेब, 'इसमास अन्यत्र घर आहे काय?'"

"आहे," साहेब म्हणाले. "खाली आहे. आपण पाहिलं ना. लिहा, आहे, सुस्थितीत. सर्वांनी पंधरा दिवसांत तिथं परत जावं."

"जातो जी," प्रयागबाई म्हणाली. "फक्त एक लिहून द्या."

"काय?"

"का आमी पुराच्या भेवानं वर आलो व्हतो, अन् सायबानं आमाले पुराच्या जागी परत धाडलं. अन् खाली तुमची सही. पुढच्या पुरात कोनी वाहून गेलं तं दाखवाले पायजे नं जी. माह्या सासऱ्याच्या येळेस कागद नव्हता, म्हून थो अजून मेला नाही."

साहेबांनी टेकडीवरून खाली पाहिलं. वरून सगळं स्पष्ट दिसत होतं. नदी, नाला, त्यांच्या कोपऱ्यात बिनछपराच्या चौदा चौकटी, आणि बाभळीच्या शेंड्याला अजून लटकलेला कचरा.

"मग लिहा, अन्यत्र घर नाही," ते हळू म्हणाले.

गोपाळराव खाकरला. "साहेब, सप्टेंबरच्या पंचनाम्यात आपण सुस्थितीत लिहिलंय. सही आहे आपली. घर नाही लिहिलं तर ते पडलं कधी, असं वर विचारतील. मग त्या प्लॉटांची यादीही काढतील."

प्लॉटांच्या यादीचं नाव निघताच रुपराव, जो इतका वेळ मागे उभा राहून मान डोलवत होता, त्याची मान थांबली.

घर आहे म्हणावं तर पुढच्या पुराला सही द्यावी लागते. नाही म्हणावं तर मागच्या पुराची सही खोटी पडते. माणूस सज्जन, नोकरी नवी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पंचाकडे सहसा कोणी पाहत नाही.

"साहेब," मी म्हटलं, "'चौकशी प्रस्तावित' असं लिहिलं तर?"

या शब्दांचाही अर्थ मला माहीत होता. एखादी गोष्ट सरकारात प्रस्तावित झाली की ती करायची कोणावर पाळी येत नाही. साहेबांनी मला जरा निरखून पाहिलं, आणि गोपाळरावला म्हणाले, "लिहा."

मी सही केली. प्रयागबाईने माझ्याकडे पाहिलं. जाताना एवढंच म्हणाली, "भाऊ, काट्यातून काहून जाता नदीले? पाय फाटून राहिले तुमचे. आता आमी खाली नाही. जा त्या वाटेनं."

तेव्हापासून चौकशी प्रस्तावित आहे. दरम्यान काहीतरी करायला हवं म्हणून दरसाल नोटीस निघते, पंधरा दिवसांत जागा खाली करावी. नोटीस बजावायचं काम कोतवालाचं. धोंडबा टोपी घालून चौदा घरं फिरतो. सातव्या घरी पोचला की तो स्वतःच्या दारात उभा राहून स्वतःचं नाव घेऊन हाक मारतो, कारण तसा नियम आहे. आतून इंदूबाई सांगते, "थे घरी नाही जी. सरकारी कामाले गेले." धोंडबा नोटिशीच्या पाठीवर लिहितो, सदर इसम घरी आढळला नाही. एकदा त्याने विचारलं, "कवा येतीन?" इंदूबाई म्हणाली, "टोपी काढली का."

दोन वर्षांनी पुन्हा पूर आला. मोठा होता; तीन दिवस पाऊस थांबला नाही, आणि नाला बाभळीच्याही वर गेला. या वेळी वस्तीतलं कोणी शाळेत आलं नाही. सभामंडपाची किल्ली गावातच होती, पण ती कोणी मागितली नाही.

प्रयागबाई पावसाळ्यात कधी झोपली नव्हती. सासरा गेल्यापासून नाही. मोठा पाऊस लागला की ती दाराशी बसून नाल्याचा आवाज ऐकत राहायची, आणि आवाज बदलला की घरोघरी जाऊन हाका मारायची. वस्तीत बाकीचे झोपत ते तिच्या भरवशावर.

त्या पुराच्या चौथ्या दिवशी सकाळी धोंडबा तिच्या घरी आला. उन्हं अंगणात आली होती आणि दार लावलेलं होतं. त्याने कडी वाजवली. कोणी बोललं नाही. त्याने पुन्हा वाजवली, मग घाबरून दार हलवलं.

"कोन हाये?"

"मी जी, धोंडबा. बरं नाही का वयनी?"

"बरी हाये."

"खाली पाहा तं जरा. जुन्या भिंती गेल्या. एकबी राह्यली नाही. थे पट्टेवाली बी गेली."

आत कूस बदलल्याचा आवाज आला.

"अन् नोटीस हाये यंदाची," तो म्हणाला.

"दाराखालून सरकवा, भाऊजी. मले झोपू द्या अजून थोडं."

धोंडबाने नोटीस दाराखालून सरकवली. आपल्याकडच्या प्रतीच्या पाठीवर काय लिहावं याचा विचार करत तो थोडा वेळ ओट्यावर बसला, आणि मग टोपी काढून, आवाज न करता, पुढच्या घराकडे गेला.